‘एस्कलेट’ म्हणजे नेमके काय?

बँकेत तक्रार नोंदवली की कधी कधी मेसेज येतो, ‘तुमची तक्रार एस्कलेट केली आहे.’ घरातले बुजुर्ग घाबरतात. कारण हाच शब्द त्यांनी युद्धाच्या बातम्यांत ऐकलेला असतो. साधी तक्रार होती, प्रकरण वाढले की काय?

घाबरण्याचे कारण नाही. या शब्दाचे मूळ जिन्यात आहे. लॅटिनमध्ये ‘स्काला’ म्हणजे शिडी. त्यावरून सरकत्या जिन्याला ‘एस्कलेटर’ हे नाव मिळाले. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ओटिस कंपनीने तो लोकांसमोर मांडला. ‘एस्कलेट’ हे क्रियापद त्या नावावरून नंतर तयार झाले. पुढे अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्धाच्या काळात संघर्ष टप्प्याटप्प्याने वाढण्याला हा शब्द रूढ झाला. हर्मन कान यांनी 1965 च्या पुस्तकात युद्धाच्या अशा 44 पायऱ्या मांडल्या होत्या.

म्हणून आम्ही मुलांना सांगतो, शब्द कशाला जोडला आहे ते आधी पाहा. तक्रार एस्कलेट झाली, म्हणजे ती वरच्या अधिकाऱ्याकडे गेली. तुमच्या दृष्टीने ते चांगलेच. भांडण एस्कलेट झाले, म्हणजे ते आणखी बिघडले. खर्चाला जोडला तर अर्थ एवढाच, की खर्च वाढत गेला.

आपल्या भाषांतही यासाठी शब्द आहेत. मराठीत वाद ‘चिघळतो’, जखमेसारखा. तो ‘पेटतो’, आगीसारखा. उर्दूत बात ‘तूल’ पकडते. तूल म्हणजे लांबी. इंग्रजी शब्दात मात्र पायऱ्या आहेत, आणि घरासाठी तेच चित्र आम्हाला उपयोगाचे वाटते. भावाभावांचा वाद सामाईक भिंतीवरून सुरू होतो. मग आवाज चढतो, मग जुने हिशेब निघतात, मग ईदला येणे-जाणे बंद होते. सरकता जिना विजेवर चालतो, भांडणाचा जिना आपोआप वर जात नाही. प्रत्येक पायरी कोणीतरी स्वतः चढलेले असते.

याच्या उलट शब्दही इंग्रजीत आहे, ‘डी-एस्कलेट’. म्हणजे एक पायरी खाली उतरणे. सगळा वाद एका दिवसात मिटवावा लागत नाही. आज आवाज खाली आणला, उद्या सलाम केला, तरी दोन पायऱ्या उतरल्या. मुलांना हा शब्द शिकवताना त्याचा हा उलटा अर्थही जरूर शिकवावा.