कार्ताझ, कौल आणि दस्तक : रायगडच्या किनाऱ्यावरील प्रवेशपत्रांचा विचार

परदेशातून येणाऱ्या प्रवाशास आज साधारणतः तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्यास प्रवेशाची अनुज्ञा आहे, त्याच्याजवळील मालावरील शुल्काचा उलगडा झाला आहे, आणि तो सोबत रोग आणीत नाही. ही व्यवस्था सर्वस्वी अर्वाचीन होय, अशी समजूत आढळते. ती अंशतःच खरी आहे. पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकापासून परवान्यावाचून गलबत हाकारणे धोक्याचे झाले होते. या परवान्यांचे स्वरूप सांगून, त्यांवरून माजलेला तंटा वस्तुतः कशाविषयी होता, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

१. कार्ताझ

इ. स. १५०८ मध्ये चौलपुढील आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सु द आल्मैद मारला गेला. तथापि १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी चौलच्या खाडीमुखाशी, आजच्या रेवदंड्यास, ठाणे घातले. समुद्र आपल्या राजाचा आहे असे गृहीत धरून, त्यावर फिरणाऱ्या प्रत्येक व्यापारी जहाजाने आपला परवाना घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. या परवान्यास कार्ताझ म्हणत. जहाजाचे नाव, नाखुदाचे नाव, जहाजाचे आकारमान, बरोबरची माणसे व हत्यारे, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर इतका तपशील त्यात असे. मिरी, युद्धसामग्री अशा निषिद्ध वस्तू नेण्यास मनाई असे. कार्ताझची फी अल्प होती. खरा भार निराळाच होता. जाता-येता पोर्तुगीज बंदरात थांबून तेथील जकात भरण्याची अट त्यात असे. म्हणजे आज जी प्रवेश-अनुज्ञा व जे सीमाशुल्क आपण भिन्न मानतो, ती दोन्ही एकाच कागदात गुंतलेली होती.

या कागदाचा जाच केवळ व्यापाऱ्यांनाच झाला असे नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम मक्केच्या यात्रेस निघाली असता, कार्ताझच्या घोळामुळे तिला सुरतेस दीर्घकाळ अडकून पडावे लागले. अखेर १५७६ मध्ये तिचे प्रस्थान झाले. परवान्यावर येशू व मेरी यांची चित्रे असल्यामुळे समुद्रमार्गे हज करणे बंधनकारक राहत नाही, असा निर्णय त्या काळी एका मान्यवर धर्मशास्त्र्याने दिल्याचे बदायुनी नमूद करतो. शिवाय परवाना जवळ असला म्हणजे संरक्षण मिळेच, असेही नव्हते. जहांगीराच्या मातेचे रहीमी हे जहाज कार्ताझ असतानाही १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी पकडले.

२. कौल

मराठी राज्यव्यवहारात याच गरजेपोटी जी संज्ञा रूढ झाली, ती कौल. कौल म्हणजे अभयवचन. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, आरमाराच्या प्रकरणी, कौल घेतलेल्या तरांड्यांस उपद्रव देऊ नये, आणि परमुलखीची बिनकौली तरांडी आल्यास त्यांना दिलासा देऊन बंदरात आणावे, अशा आशयाची शिकवण आहे. मात्र शत्रूच्या जहाजांस ही सवलत नाही. वखारीसाठी जागा मागणाऱ्या टोपीकरांविषयीही तो ग्रंथ सावधच आहे. व्यापारी यावा, पण त्याच्या मागून सत्ता येऊ नये, हा त्यामागील विवेक होय.

३. दस्तक

हा विवेक प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न सरखेल कान्होजी आंग्रे यांनी केला. त्यांच्या दस्तकाचे महत्त्व कळण्यासाठी भूगोल ध्यानी घेतला पाहिजे. मुंबई इंग्रजांची, रेवदंडा पोर्तुगीजांचा, जंजिरा व उंदेरी सिद्दीची, आणि कुलाबा व खांदेरी आंग्र्यांची. उंदेरी व खांदेरी ही बेटे तर एकमेकांच्या दृष्टिपथात आहेत. मुंबईहून दक्षिणेस निघालेले गलबत दिवसभरात अनेक धन्यांच्या पाण्यातून जात असे. त्यांपैकी प्रत्येकास आपला अधिकार मान्य व्हावा असे वाटे.

१७१३ मध्ये कान्होजी व इंग्रज यांच्यात करार होऊन इंग्रजी जहाजांस उपद्रव न देण्याचे ठरले. परंतु इंग्रजी जहाज कोणते, हा प्रश्न मागे राहिलाच. कंपनीच्या जहाजांविषयी वाद नव्हता; पण मुंबईचा एखादा देशी व्यापारी कंपनीचे निशाण किंवा परवाना घेऊन निघाला, तर त्याचा माल इंग्रजी मानावा काय? इंग्रजांचे उत्तर होकारार्थी होते. आंग्र्यांच्या दृष्टीने ती पळवाट होती. अशा व्यापाऱ्याने सरखेलांचे दस्तक घेतलेच पाहिजे. या मतभेदातून जप्त्या झाल्या आणि जप्त्यांतून युद्ध उद्भवले. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर, आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर हल्ला केला. दोन्ही प्रयत्न फसले.

कंपनीच्या कागदपत्रांत कान्होजींस चाचे म्हटले आहे. या शब्दाची फोड केली असता काय उरते? परवाना देणे, तो नसल्यास जहाज अडवणे व माल जप्त करणे या तिन्ही गोष्टी पोर्तुगीजांनी दोन शतके केल्या होत्या, आणि इंग्रजही आपले परवाने देतच होते. कृती एकच, तिचे नाव मात्र कर्त्याचा अधिकार मान्य आहे की नाही यावरून ठरत होते. तंटा फीच्या रकमेचा नव्हता, सही कोणाची याचा होता. तथापि अभ्यासकाने येथे स्वकीयांविषयीच्या अभिमानाने दुसरी बाजू झाकू नये. दस्तक असो वा कार्ताझ, त्याचा भार अखेर माल भरणाऱ्यावर व नाखव्यावर पडे; आणि दोन सत्तांपैकी एकीचा कागद घेतल्यास दुसरीचा रोष ओढवे.

४. उत्तरकाल

आरोग्याचा निर्बंध या किनाऱ्यावर कायद्याच्या रूपाने दृढ झाला तो उशिरा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. १८९७ च्या साथरोग कायद्याने येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याचा व माणसे अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. त्याच वर्षी व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्लेगविरुद्धच्या उपायांचा विचार झाला. पीतज्वराच्या प्रदेशातून भारतात येणाऱ्यास लागणारा लसीचा दाखला ही त्याच परंपरेतील गोष्ट होय. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी तो ग्राह्य होतो, आणि २०१६ पासून त्याची मुदत आजन्म मानली जाते.

प्रवेशासाठी पारपत्र हवे, हा नियम १९२० च्या कायद्याने आला. २०२५ च्या आप्रवास व विदेशी नागरिकविषयक कायद्याने आता त्याची जागा घेतली आहे. जकातीचा व्यवहार १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार चालतो. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर उरण तालुक्यात, म्हणजे याच जिल्ह्यात आहे. तेथे उतरणाऱ्या मालाच्या कागदांतही मालाचे वर्णन, निघण्याचे बंदर व पोहोचण्याचे बंदर हे रकाने आहेत; कार्ताझ लिहिणाऱ्या कारकुनास त्यांपैकी कित्येक परिचित वाटले असते.

मग बदलले काय? आज एका किनाऱ्यावर एकच सही चालते, आणि ती सही इतर राष्ट्रे परस्परसंमतीने मानतात. नियमांची संख्या वाढली, हे खरे; परंतु कोणाचा नियम पाळावा ही शंका प्रवाशास उरली नाही. खांदेरीच्या पाण्यातून जाणाऱ्या नाखव्यास नेमकी तीच निश्चिती लाभलेली नव्हती.