हात न उगारणारांची मंडळी

नोकरीच्या, लग्नाच्या व हरवल्या-सांपडल्याच्या जाहिराती आपण वर्तमानपत्रांत नित्य वाचतों. परंतु १९९१ सालीं ‘इंडियन एक्सप्रेस’ या दैनिकांत जी एक लहानशी जाहिरात प्रसिद्ध झाली, तशी क्वचितच कोणाच्या वाचनांत आली असेल. सी. वाय. गोपीनाथ नांवाच्या पत्रकारांनीं ती दिली होती. बायको ही मारण्यासाठीं नसते असें ज्यांस वाटतें, आणि ही मारहाण थांबविण्याकरितां कांहीं करावें अशी ज्यांची इच्छा आहे, त्या पुरुषांनीं आपणांस पत्र लिहावें, एवढाच तिचा आशय. असल्या जाहिरातीस उत्तर तें कोण देणार, असेंच कोणीहि म्हटलें असतें. परंतु २०५ पुरुषांचीं उत्तरें आलीं.

या पत्रव्यवहारांतून १९९३ सालीं मुंबईस ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अ‍ॅब्यूज’, संक्षेपानें ‘मावा’, ही संस्था उभी राहिली. स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध पुरुषांनींच चालविलेल्या आपल्या देशांतील अगदीं पहिल्या संस्थांत तिची गणना होते. तिचे एक संस्थापक श्री. हरीश सदानी यांनीं तेव्हांपासून हेंच आपलें आयुष्याचें काम मानिलें. त्यांचें समाजकार्याचें शिक्षण मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेंत झालें; आणि या संस्थेचें दुसरें विद्यास्थान आपल्या तुळजापुरास आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. याच संस्थेनें १९८४ सालीं मुंबई पोलिसांच्या कचेरींत पीडित स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं एक विशेष कक्ष उघडला होता.

आतां कोणी विचारील कीं, बायकोस मारूं नये एवढी साधी गोष्ट सांगण्यास मंडळी कशाला हवी? प्रश्न रास्त आहे. परंतु २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या महाराष्ट्रांतील १८ ते ४९ वर्षे वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा २५ जणींनीं नवऱ्याकडून शारीरिक अथवा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें. म्हणजे चारांत एक. पाहणी करणाऱ्या परक्या व्यक्तीपुढें ज्या बोलल्या त्यांचीच ही गणती. ज्या बोलल्या नाहींत त्या निराळ्याच. ज्या गोष्टीस सर्वजण तोंडानें वाईट म्हणतात आणि जी चारांतील एका घरीं घडते, ती केवळ उपदेशानें जाणारी नव्हे, हें उघड आहे.

तामलवाडी हें सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील गांव. आश्विनी पौर्णिमेस हजारों भक्त याच वाटेनें पायीं चालत भवानीच्या दर्शनास जातात. देवीपुढें लोटांगण घालणारा पुरुष घरीं आल्यावर भाकरी करपली म्हणून ताट भिरकावतो, असें कधीं होतच नाहीं काय? रविवारीं प्रार्थनामंदिरांत गुडघे टेकणारांतहि तसे गृहस्थ आहेत; तेव्हां कोणत्याहि एका धर्माच्या लोकांनीं दुसऱ्याकडे बोट दाखवूं नये, हें बरें. भक्ति व वर्तन यांमध्यें ही जी भिंत आहे, ती घरांतल्या घरांत कोणी बांधिली?

कित्येकांचें म्हणणें असें कीं, हा सारा दारूचा दोष आहे. दारू वाईट, यांत शंका नाहीं. परंतु तोच प्यालेला मनुष्य वाटेंत फौजदार भेटला तर बाजूस होतो. ऊसतोडीच्या मुकादमावर हात उगारीत नाहीं. ज्या सावकाराचें देणें आहे त्यास लवून नमस्कार करितो. कोणास मारतां येतें व कोणास येत नाहीं, हें त्याला दारूंतहि बरोबर कळतें. मग ही अक्कल त्याला दारूनें शिकविली नाहीं. ती त्यानें लहानपणींच शिकलेली असते. धाकट्या भावानें बहिणीस चापट मारली असतां ‘असूं दे, मुलगा आहे’ असें आपण म्हणतों. आणि तोच पडून रडूं लागला म्हणजे ‘मुलीसारखा काय रडतोस?’ असें विचारतों. या दोन वाक्यांत त्याचें बहुतेक शिक्षण होऊन जातें. आईबापांनीं हें वाचतांना क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे.

शिवाय ज्याला मारावयाचें नाहीं त्याचीहि अडचण आहेच. बायकोस विचारून बैल विकणारा मनुष्य पारावर ‘बायकोच्या ओंजळीनें पाणी पिणारा’ ठरतो; घागर उचलूं लागला तर ‘बाईलवेडा’; शेजाऱ्याचा हात धरावयास गेला तर ‘बांगड्या भर’ असें ऐकतो. एकट्या मनुष्याच्यानें ही थट्टा फार दिवस सोसवत नाहीं. त्याच्यासारखे आणखी चारजण आहेत एवढें कळलें तरी पुरतें. मंडळी हवी ती याकरितां.

ही गोष्ट महाराष्ट्रांत नवीन नाहीं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुले यांनीं सावित्रीबाईंसह १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें, तें पुरुषांच्या पापाचें ओझें एकट्या विधवेनेंच कां वाहावें, या विचारानें. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक लिहून पुरुषांस रोखठोक प्रश्न विचारले, तेव्हां पुष्कळांस राग आला. जोतीराव मात्र ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूनें उभे राहिले. पुढें धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकलेल्या गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, आणि त्यांच्या मुरूड गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला. कर्व्यांनीं एकाकी रडत न बसतां त्याच वर्षीं ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापिली आणि पुनर्विवाहित कुटुंबांचे मेळे भरविण्यास आरंभ केला. ज्यांस पंक्तीस कोणी घेत नव्हतें त्यांनीं आपली पंगत आपणच मांडिली. १८९३ आणि १९९३: बरोबर शंभर वर्षांचें अंतर, आणि युक्ति तीच. आम्हांस हा योग मोठा मनोरंजक वाटतो.

तर ही नवी मंडळी करिते काय? संसारांत भांडण होऊन बिघडलें असेल तेथें समुपदेशन, म्हणजे दोघांचें ऐकून घेऊन शांतपणें वाट दाखविणें, हें तिचें एक काम. दुसरें, ‘पुरुष स्पंदनं’ नांवाचा दिवाळी अंक १९९६ पासून तिनें सुरू केला. पुरुषांस आपल्या मनांतील भय, हळवेपणा, बाप होण्याचा अनुभव, नात्यांतील चुका यांविषयीं लिहावयास लावावें, हा त्याचा हेतु. राजकारणावर व क्रिकेटवर पुरुष तासन् तास बोलतात; स्वतःविषयीं विचारलें कीं त्यांची बोबडी वळते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या अंकाचें महत्त्व कळेल. पुण्यांत विद्या बाळ (१९३७-२०२०) यांच्या पुढाकारानें नारी समता मंचानें ‘पुरुष संवाद केंद्र’ चालविलें, तेंहि याच जाणिवेनें. ज्या बाईंनीं जन्मभर स्त्रियांच्या बाजूनें झगडा केला, त्यांसच पुरुषांच्या बोलण्यासाठीं एक जागा असावी असें वाटावें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

परंतु आमच्या विद्यार्थ्यांस सर्वांत जवळचें वाटेल तें ‘मावा’चें तिसरें काम. २००६ सालीं पुण्याच्या महाविद्यालयांतून ‘युवा मैत्री’ हा उपक्रम सुरू झाला आणि पुढें तो राज्याच्या इतर जिल्ह्यांतहि गेला. कांहीं तरुण निवडून त्यांचीं निवासी शिबिरें भरवावयाचीं. प्रेम, लग्न, शरीर, राग, मर्दपणा यांविषयीं जे प्रश्न घरीं विचारतां येत नाहींत ते तेथें मोकळेपणीं बोलावयाचे. मग त्याच तरुणांनीं आपल्या सोबत्यांत जाऊन पथनाट्यांनीं व गप्पांनीं तें पोंचवावयाचें. वडील माणसाचें व्याख्यान मुलें एका कानानें ऐकतात व दुसऱ्यानें सोडतात, हें आम्हां शाळेंत राहणारांस वेगळें सांगावयास नको. तेंच बरोबरीच्या मुलानें म्हटलें, ‘मागें लागून मुलीस छळणें यांत कसला पराक्रम?’, तर तें लागतें.

परदेशांतहि हीच हवा त्या सुमारास वाहूं लागली होती. कॅनडांतील माँट्रियल शहरांत ६ डिसेंबर १९८९ रोजीं एका बंदूकधारी इसमानें अभियांत्रिकी विद्यालयांत शिरून १४ स्त्रियांस ठार मारलें. त्या कृत्यानें हादरलेल्या कांहीं पुरुषांनीं १९९१ सालीं कपड्यांवर पांढरी फीत लावून प्रतिज्ञा घेतली कीं, आपण स्त्रियांवर अत्याचार करणार नाहीं, आणि दुसरा करील तर गप्प बसणार नाहीं. गोपीनाथांच्या जाहिरातीचेंहि वर्ष तेंच.

एक शंका मात्र प्रामाणिकपणें मांडिली पाहिजे. पुरुषांनीं स्त्रियांचे कैवारी म्हणून व्यासपीठावर चढावें, हार घ्यावे, आणि घरीं ताट वाढून मिळावें म्हणून हांक मारावी, असें होण्याचा संभव आहे. अशा मंडळींतील पुरुषाची परीक्षा सभेच्या टाळ्यांनीं करूं नये. ती त्याच्या घरांतील बाईनें करावी. पुरुषांसहि दुःखें असतात हें कोणी नाकारीत नाहीं. कर्ज असतें, नापिकी असते, अपमान असतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यानें तीं पुष्कळ पाहिलीं आहेत. तीं ऐकण्यासाठींच या मंडळी आहेत. त्यांचा सूड चुलीपाशीं बसलेल्या बाईवर उगविण्याचा परवाना त्यांतून निघत नाहीं.

गांवानें एकत्र येऊन ठरविलें तर काय होतें याचा दाखला कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवीं मिळाला. तेथील ग्रामसभेनें २०२२ च्या मे महिन्यांत, नवरा वारल्यावर बायकोचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला. आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींस तसेंच करण्याविषयीं परिपत्रक धाडलें. जें शतकानुशतकें ‘रीत’ म्हणून चाललें, तें एका सभेंत हात वर करून अमान्य करतां आलें.

आतां शेजारच्या घरांतून रडण्याचा आवाज येतो तेव्हां काय करावें, याविषयीं थोडें. २००८ सालीं ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेनें ‘बेल बजाओ’ नांवाची मोहीम काढिली होती: आवाज ऐकूं आला कीं त्या दाराची घंटा वाजवावयाची आणि कांहींतरी साधें मागावयाचें, म्हणजे मारणाराचा हात थबकतो. आमच्या गांवांत दारांस घंटा नसतात, कड्या असतात. पण वाटीभर साखर मागावयास कडीहि चालते. एकट्यानें न जातां चौघांनीं जावें, आणि मुलांनीं मोठ्या माणसास सोबत घ्यावें. मामला हाताबाहेर वाटल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांस बोलवावें. स्त्रियांच्या साह्यासाठीं १८१ हा क्रमांक आहे. तामलवाडीस तर पोलीस ठाणेंच आहे.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला. त्यांत केवळ मारहाणच हिंसा मानिलेली नाहीं. लैंगिक छळ, शिव्या व पाणउतारा, खर्चास पैसे न देणें, मिळकत काढून घेणें, हेंहि त्यांत येतें. ज्या घरांत स्त्री नांदत आली तेथून तिला कायदेशीर मार्गावांचून बाहेर काढतां येत नाहीं. या कायद्याचें चौथें कलम पुष्कळांच्या वाचनांत नसतें. त्यान्वयें असा अत्याचार घडला, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असें मानण्यास ज्यास कारण आहे, त्या कोणत्याहि व्यक्तीस संरक्षण अधिकाऱ्यास कळवितां येतें; पीडित स्त्रीनेंच गेलें पाहिजे असें नाहीं. आणि सद्भावनेनें कळविणारावर त्या माहितीबद्दल दिवाणी वा फौजदारी कसलीहि जबाबदारी येत नाहीं. कळविणारा शेजारी असो, दीर असो, मास्तर असो किंवा त्या घरचा शाळेंत जाणारा मुलगा असो, कायद्यास तो चालतो.