आधी गप्पा, मग संशोधन

बाळंतपणाला महिना-दीड महिना झालेल्या बाईच्या छातीत कळ आली, तर हृदयविकाराचा झटका कुणाच्या मनातही येत नाही. जागरणं झाली असतील, पित्त उसळलं असेल, बाळाला घेऊन घेऊन खांदा भरून आला असेल, अशी कारणं घरचे देतात आणि पुष्कळदा डॉक्टरही देतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात राहणाऱ्या कॅथरीन लिऑन यांना २००३ मध्ये झटका आला, तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या आणि त्यांचा दुसरा मुलगा जेमतेम काही आठवड्यांचा होता. बायपास करावी लागली. एरवी धमनीत चरबी साचून होतो तसा हा प्रकार नव्हता. धमनीची भिंतच आतून फाटली होती.

या विकाराचं पूर्ण नाव स्पॉन्टेनियस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन. रुग्ण आणि डॉक्टर दोघंही त्याला 'स्कॅड' म्हणतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीला थर असतात. आतला थर फाटतो किंवा थरांच्या मधे रक्त साकळतं, त्या दाबाने धमनीची पोकळी आवळली जाते आणि पुढचा रक्तपुरवठा अडतो. रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया असतात, त्याही बहुतेक ऐन चाळिशी-पन्नाशीतल्या, एरवी धडधाकट. पहिली नोंद १९३१ची, ब्रिटनमधली. ४२ वर्षांच्या एका स्त्रीच्या शवविच्छेदनात हा प्रकार दिसला होता. पुढची कित्येक दशकं वैद्यकीय मासिकांत एकेका रुग्णाच्या सुट्या हकिकती तेवढ्या येत राहिल्या. आजार इतका दुर्मीळ, की असं दुसरं माणूस तुम्हाला आयुष्यात भेटणार नाही, असं रुग्णांना सांगितलं जाई.

पण माणसं भेटली. हृदयरोग झालेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या 'विमेनहार्ट' या अमेरिकी संस्थेच्या ऑनलाइन गटात 'मलाही हेच झालंय' म्हणणारी एक सापडली, मग दुसरी, तिसरी. कुणी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाची, कुणी दुसऱ्याच देशातली. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या या बायकांना एकमेकींच्या गोळ्यांची नावं मात्र पाठ होऊ लागली.

अशा गटात बोलणं कशाबद्दल होतं, हे बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. मोठमोठ्या गोष्टींबद्दल ते क्वचितच असतं. दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊ का? धुण्याची बादली उचलली तर चालेल? जिने किती चढू? आत्ता डाव्या बाजूला टोचतंय, ही जुनीच कळ की नवा झटका? पुन्हा दवाखान्यात जायचं आणि त्यांनी 'काही नाही, घरी जा' म्हणायचं, याची लाज वाटते, काय करू? हा शेवटचा प्रश्न तर कुठल्याही डॉक्टरला विचारता येत नाही. तो रात्री दोन वाजता विचारला जातो आणि दुसऱ्या खंडात दुपार असलेली कुणीतरी उत्तर देते: जा, लाज बाळगू नकोस, मीही तीनदा गेले होते. मग त्यातच मुलांच्या परीक्षा येतात, नवऱ्याच्या बदल्या येतात, वाढदिवस येतात. तपासणीला गेलेली मैत्रीण दोन दिवस बोलली नाही, तर चौघीजणी विचारतात, काय झालं, कशी आहेस?

याच गप्पांतून डॉक्टरांना न दिसलेल्या गोष्टीही वर येतात. स्कॅडनंतर अनेक जणींना महिनोन् महिने छातीत दुखत राहतं आणि काहींचं हे दुखणं पाळीच्या आधी किंवा पाळीच्या दिवसांत वाढतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात याची नोंद आहे. हृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात पाळीची तारीख कोण विचारतं? बायका आपसात सहज विचारतात.

२००९ मध्ये लिऑन 'विमेनहार्ट'च्या एका प्रशिक्षणासाठी मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकला गेल्या. तिथे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शॅरन हेज यांना त्यांनी गाठलं आणि विचारलं, आमच्या आजारावर तुम्ही संशोधन कराल का? अशा आजाराचे पुरेसे रुग्ण एका रुग्णालयाला वर्षानुवर्षं मिळत नाहीत, ही संशोधकांची नेहमीची अडचण. लिऑन यांच्याकडे रुग्ण होते, कारण त्यांच्याकडे मैत्रिणी होत्या. मेयोने आधी फक्त १२ जणींचा छोटा अभ्यास मंजूर केला. आठवड्याच्या आत १८ जणी पुढे आल्या.

संशोधन म्हटलं की डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. इथे सुरुवात फायलींपासून झाली. ज्याने कधी आपल्याच दवाखान्यातून जुनी कागदपत्रं मागितली असतील, त्याला हे काम किती चिवट असतं ते माहीत आहे. रेकॉर्ड रूमची खिडकी शोधायची, अर्ज लिहायचा, 'उद्या या' ऐकायचं आणि शेवटी एकदाची ती अँजिओग्राफीची सीडी हातात पडायची. या बायकांनी आपापल्या गावच्या रुग्णालयांतून असे अहवाल आणि अँजिओग्राफीच्या चित्रफिती मेयोकडे पोहोचवल्या. डॉक्टरांपुढे एरवी कधीच एकत्र न येणारे रुग्ण एका टेबलावर आले. अभ्यास २०११ मध्ये मेयोच्या मासिकात छापून आला आणि तो ऑनलाइन समूहाच्या पुढाकारातून झाला, हे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. पुढच्याच वर्षी ८७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये लिऑन यांनी 'स्कॅड अलायन्स' ही संस्था काढली. आज वैद्यकशास्त्र सांगतं, की गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांचं हे एक प्रमुख कारण आहे आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना येणाऱ्या झटक्यांपैकी एक तृतीयांशापर्यंत झटक्यांमागे स्कॅड असू शकतो. तेव्हा आजार तितका दुर्मीळ नव्हता, ओळखला जात नव्हता एवढंच.

ही हकिकत सांगताना सगळा भर शेवटी संशोधनावर पडतो आणि आधीच्या गप्पा प्रस्तावनेसारख्या उरतात. तो क्रम न्याय्य नाही. आठवड्यात १८ जणी तयार झाल्या त्या जाहिरात वाचून नव्हे. बादली उचलू का, हे जिला विचारलं होतं, तिनेच आता आपले कागद मागितले होते, म्हणून त्या तयार झाल्या. आणि संशोधनाचा एक कागदही निघाला नसता, तरी त्या गप्पांचं मोल कमी झालं नसतं.

ते मोल मोजण्याचा प्रयत्न झालेला आहे आणि त्याची गोष्ट मोठी बोधक आहे. स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पिगेल यांनी स्तनांचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी काही जणी वर्षभर दर आठवड्याला समोरासमोर बसून बोलत असत. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार बोलणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा सरासरी जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. जगभर आशेची लाट आली. मग २००१ मध्ये कॅनडातल्या पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. २००७ मध्ये स्वतः स्पिगेल यांनी अभ्यास पुन्हा केला आणि एकूण आयुर्मान वाढत नसल्याचं छापलं. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची अशी फेरतपासणी करायला सचोटी लागते. मात्र गुडविन यांच्या अभ्यासात दुसरी एक गोष्ट ठळकपणे दिसली: गटातल्या स्त्रियांचा मनस्ताप कमी झाला होता, वेदनाही कमी जाणवत होत्या, आणि ज्या सुरुवातीला सर्वांत जास्त खचलेल्या होत्या, त्यांना फायदा अधिक झाला होता. म्हणजे आयुष्य तेवढंच, पण त्यातला त्रास हलका. ज्याने घरातलं दीर्घ आजारपण पाहिलं आहे, तो याला किरकोळ म्हणणार नाही.

आणखी एक अभ्यास यापेक्षा छोटा, पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात संशोधिका कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी पाच रुग्ण स्त्रियांना नीट ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांना इतर रुग्णांना दरमहा फोन करायला सांगितलं. मोजायचं होतं ते फोन घेणाऱ्यांचं बरेपण. १९९९ मध्ये छापलेल्या विश्लेषणात दिसलं, की फोन करणाऱ्या पाच जणींमध्ये झालेली सुधारणा त्याहून कितीतरी मोठी होती. पाच हा आकडा लहान आहे, त्यावरून नियम काढता येत नाही. पण आजारी माणसाला सगळे देतच असतात, डबा, सल्ले, सहानुभूती. त्याच्याकडून काही घ्यावं, असं फारसं कुणाला सुचत नाही. गटात मात्र काल आलेल्या घाबरलेल्या माणसापुढे सहा महिन्यांचा रुग्ण अनुभवी ठरतो, आणि त्याचं मत विचारलं जातं.

या जिव्हाळ्याला धोके आहेत. आशा लवकर पसरते, पुरावा सावकाश येतो. २००८ मध्ये इटलीतल्या एका लहान अभ्यासाने म्हटलं, की लिथियममुळे एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या असाध्य आजाराचा वेग मंदावतो. 'पेशंट्सलाइकमी' या संकेतस्थळावरच्या अनेक रुग्णांनी डॉक्टरांच्या मदतीने लिथियम सुरू केलं. हे संकेतस्थळ हेवूड बंधूंनी आपल्या भावाला, स्टीफनला, हाच आजार झाल्यावर उभं केलं होतं. चांगली गोष्ट ही, की रुग्णांनी केवळ गोळ्या घेतल्या नाहीत, आपली प्रकृती नियमित नोंदवली. लिथियम घेणाऱ्या १४९ जणांची तुलना न घेणाऱ्यांशी झाली आणि २०११ मध्ये उत्तर छापलं गेलं: उपयोग नाही. हे उत्तर स्वतःच्याच नोंदींतून वाचणं किती जड गेलं असेल! आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हा काढा घ्या, गोळ्या सुटतात' असे निरोप येतात तेव्हा नेमकी ही नोंद करण्याची सवय हवी असते, आणि 'याला आधार काय?' असं विचारणारा एक तरी खमका अ‍ॅडमिन.

असे चांगले गट मराठीत नाहीत असं मुळीच नाही. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट कित्येक वर्षं चालू आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. मासिक सभा, सहली, ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिनाचा मेळावा, असं सगळं प्रत्यक्ष भेटीवर उभं होतं. टाळेबंदीत घराबाहेर पडणं थांबलं तशा सभा पडद्यावर आल्या. कंप सुटलेल्या हाताने फोन सावरणं, बारीक झालेला आवाज माइकपर्यंत पोहोचवणं हे पार्किन्सन्सच्या माणसाला सोपं नसतं. पण एरवी रिक्षा मिळत नाही, जिना उतरवत नाही म्हणून सभेला न येणारे घरबसल्या आले, आणि परगावचेही जोडता आले. शुभंकरांना तर याची गरज अधिक. नवऱ्याला पलंगावर कुशीला कसं वळवायचं, तो चालता चालता दारात खिळून उभा राहिला की काय करायचं, आणि आज माझाच धीर सुटला हे कुणाला सांगायचं, याची उत्तरं दुसऱ्या शुभंकराकडेच असतात.

पण हे सगळं चालवतं कोण? न्यूयॉर्कमध्ये २०२०च्या मार्चमध्ये फिओना लोवेनस्टाइन या २६ वर्षांच्या पत्रकार तरुणीला कोविड झाला. रुग्णालयातून घरी आल्यावरही त्रास संपेना. त्यांनी 'बॉडी पॉलिटिक' या आपल्या समूहातर्फे ऑनलाइन गट सुरू केला आणि बघता बघता हजारो माणसं आली. 'दोन आठवड्यांत बरं वाटायला हवं होतं, मग मला काय होतंय?' हा सगळ्यांचा प्रश्न. 'लाँग कोविड' हे नावही त्याच वर्षी मे महिन्यात एलिसा पेरेगो या इटालियन रुग्ण-संशोधिकेने ट्विटरवर वापरलं. बॉडी पॉलिटिकमधल्या काही आजारी सदस्यांनी स्वतःच प्रश्नावली तयार केली. त्यांच्या पुढच्या सर्वेक्षणात ५६ देशांतल्या ३,७६२ जणांनी भाग घेतला, २०३ लक्षणांची नोंद झाली आणि २०२१ मध्ये ते वैद्यकीय मासिकात छापलं गेलं. एवढं करणारा तो गट २०२३ मध्ये बंद झाला. निधी नव्हता, आणि चालवणारेही आजारीच होते. अंथरुणातून उठून रोज शेकडो निरोप वाचणारी, भांडणं मिटवणारी, कुणी जीव देण्याच्या गोष्टी बोलला तर रात्रभर त्याच्याशी बोलत राहणारी ही माणसं बिनपगारी होती.

रुग्णालयांना यात बरंच काही करता येईल. स्कॅड किंवा पार्किन्सन्ससारख्या आजाराचं निदान झालेला माणूस घरी निघतो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, पथ्यपाणी आणि फेरतपासणीची तारीख असते. त्याखाली खात्रीच्या गटाचा फोन नंबर लिहायला एक ओळ पुरते. गट खात्रीचा राहावा म्हणून महिन्यातून एकदा तासभर एखाद्या डॉक्टराने तिथे प्रश्नोत्तरांना बसावं, आणि गट सांभाळणाऱ्या रुग्णाला समाजसेवा विभागातल्या समुपदेशकाची मदत मिळावी. नवं खातं उघडायला नको, नवी इमारत नको. विभागप्रमुखाने मनावर घेतलं तर पुढच्या महिन्यात सुरू होण्यासारखं हे काम आहे.