बारीक अंगकाठी म्हणजे मधुमेहापासून अभय नव्हे

हिंगोली जिल्हा वसमतच्या हळदीसाठी आणि औंढा नागनाथच्या ज्योतिर्लिंगासाठी ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा प्रामुख्याने शेतीवर जगतो. अशा कष्टकरी भागाला मधुमेहाचे भय नाही, तो शहरी आणि स्थूल माणसांचा आजार आहे, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच, १५ टक्क्यांच्या आसपास होते.

आजार कसा जडतो?

अन्नातील पिष्टमय पदार्थांची साखर होते. ती रक्तातून पेशींमध्ये पोहोचण्यासाठी स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन आवश्यक असते. इन्सुलिन अपुरे पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तात साचते. अनेक वर्षे कोणताही त्रास जाणवत नाही. त्या काळात डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसांची हानी होत राहते.

बारीक माणसांनाही हा आजार का होतो, याचा शोध महाराष्ट्रातच घेतला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्पटनच्या बाळांचे ३.५ किलो होते. गावातील बाळे हडकुळी असूनही त्यांच्या अंगावरील चरबी तुलनेने टिकून होती. उणीव स्नायूंची होती. म्हणूनच वजनकाट्याइतकेच कंबरेच्या घेराकडेही लक्ष हवे. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा मानली जाते.

काय करावे?

तिशीनंतर रक्ततपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांतही ही सोय असते. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असल्यास तो इशारा समजावा. ती १२६ वा अधिक असल्यास पुन्हा तपासणी करून निदान पक्के करावे.

ताटात भाताचा वाटा कमी करून भाजी, डाळ, उसळ वाढवावी. मराठवाड्याची ज्वारीची भाकरी उत्तम. पण तीही मोजूनच खावी. उपवासाचा साबुदाणा व बटाटा साखर झपाट्याने वाढवतात. गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण साखर धोकादायकरीत्या खालीही जाऊ शकते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. शेतात अनवाणी जाणे टाळावे आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. बधिर पायाला जखमेची वेदना कळत नाही.

हळद, कारले, मेथी आहारात जरूर असावीत. परंतु त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद करणे घातक ठरते. हळदीच्या जिल्ह्यातही औषधाची जागा हळद घेऊ शकत नाही. वेळेवर निदान, नेमका आहार, नियमित चालणे आणि न चुकता औषध या चार गोष्टी पाळल्यास मधुमेहासह दीर्घ आणि कार्यक्षम आयुष्य जगता येते.