लेनन, जॉन
लेनन, जॉन विन्स्टन : (९ ऑक्टोबर १९४०–८ डिसेंबर १९८०). विख्यात इंग्रज रॉक गायक, गीतकार व ‘बीटल्स’ या वाद्यवृंदाचा एक संस्थापक. जन्म लिव्हरपूल येथे. वडील ॲल्फ्रेड व्यापारी जहाजावर नोकरीस असल्याने दीर्घकाळ घरापासून दूर असत. आईवडील विभक्त झाल्यावर सु. पाच वर्षांच्या जॉनचा सांभाळ मिमी स्मिथ या त्याच्या मावशीने व तिचे पती जॉर्ज यांनी केला.

त्यांचे ‘मेंडिप्स’ हे घर वुल्टन या शांत, मध्यमवर्गीय उपनगरात होते. लेननची प्रतिमा पुढे कामगारवर्गाचा प्रतिनिधी अशी रूढ झाली. ‘वर्किंग क्लास हीरो’ (१९७०) या गीताने ती दृढ केली. तथापि बीटल्समधील चौघांपैकी त्याचेच बालपण अधिक सुस्थितीत गेले. पॉल मॅकार्टनी हा नगरपालिकेने बांधलेल्या भाड्याच्या घरात वाढला. मेंडिप्समध्ये पुस्तके होती, शिस्त होती आणि प्रतिष्ठेची जाणीवही होती. ल्यूइस कॅरलच्या वाचनातून लेननला शब्दखेळांची गोडी लागली. क्वॉरी बँक शाळेत तो ‘डेली हाउल’ हे व्यंगचित्रांचे हस्तलिखित काढी. याच उपनगरी शिस्तीविरुद्धचे बंड त्याच्या उपरोधात दिसते.

आई जूलिया जवळच्याच वस्तीत राहत असे. तिने त्याला बँजो शिकविला. मावशीला मात्र त्याचा वाद्यवादनाचा नाद पसंत नव्हता. १९५६ मध्ये त्याने शाळासोबत्यांसह ‘क्वॉरीमेन’ हा स्किफल वाद्यवृंद स्थापन केला. कपडे घासण्याची फळी, चहाची रिकामी पेटी अशा घरगुती वस्तू या संगीतात वाद्ये म्हणून चालत. त्यामुळे सामान्य मुलांनाही ते सुलभ झाले. ६ जुलै १९५७ रोजी वुल्टनमधील सेंट पीटर्स चर्चच्या उत्सवात त्याची मॅकार्टनीशी भेट झाली. १५ जुलै १९५८ रोजी मेंडिप्समधून परतताना जूलिया मोटारीखाली सापडून मृत्यू पावली. मॅकार्टनीची आईही १९५६ मध्ये वारली होती. या समदुःखाने दोघांचे सख्य दृढ झाले.

घराजवळील मुक्तिफौजेच्या बालकाश्रमाची स्मृती ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ (१९६७) या गीतात, तर आईची ‘जूलिया’ (१९६८) व ‘मदर’ (१९७०) या गीतांत आढळते. यांपैकी ‘जूलिया’ हे त्याने ऋषिकेश येथील वास्तव्यात रचले. न्यूयॉर्क येथे त्याची हत्या झाली. २००२ मध्ये त्याची पत्नी योको ओनो हिने मेंडिप्स विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपविले.