'सेजुन'चा पाब्लो झाला, त्याची गोष्ट

सहा अधिक तीन अधिक आठ अधिक दोन. किती? एकोणीस. फिलिपिन्सचा फोन कोड ६३, दक्षिण कोरियाचा ८२. या चार आकड्यांची बेरीज करून एका बँडचं नाव ठरलं : एसबी१९. (एसबी म्हणजे साउंड ब्रेक.) पाचही पोरं अस्सल फिलिपिनो, पण त्यांना घडवणारी शोबीटी ही कंपनी कोरियन. त्यामुळे तालीमही कोरियन शिस्तीची. गाणं, नाच, पुन्हा नाच, आणि आपलं पहिलं गाणं नेमकं कधी येणार याचा पत्ता नाही. या पाचांतला एक जण लीडर, मुख्य रॅपर आणि वर बँडची बरीचशी गाणी लिहिणारा. त्याचं स्टेजवरचं नावही कोरियन वाटावं असंच होतं : सेजुन.

खरं नाव जॉन पाउलो नासे. जन्म १४ सप्टेंबर १९९४, मनिलाच्या दक्षिणेला कावीते प्रांतातल्या इमुस शहरातला. एसबी१९चं पहिलं गाणं 'तिलालुहा' २६ ऑक्टोबर २०१८ला आलं, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. के-पॉपच्या जगात १६-१७व्या वर्षी स्टार होतात. म्हणजे त्या हिशोबाने आपला हिरो उशिराच्या लोकलने आलेला.

'तिलालुहा' हे शांत, रडवेलं गाणं. शब्दही त्यानेच जुळवलेला : 'तिला' म्हणजे जणू, 'लुहा' म्हणजे अश्रू. गाणं छान होतं, पण चाललं नाही. पुढचं 'गो अप' जुलै २०१९मध्ये आलं, तेही सुरुवातीला थंडच. आता गाशा गुंडाळायचा, इथपर्यंत गोष्टी आल्या होत्या. मग सप्टेंबरमध्ये एका चाहतीच्या पोस्टमुळे या गाण्याच्या डान्स प्रॅक्टिसचा व्हिडिओ ट्विटरवर तुफान फिरला. महागड्या सेटवरचा म्युझिक व्हिडिओ नाही हं, घामेजलेल्या टी-शर्टमधली साधी प्रॅक्टिस. हार मानायची नाही असं सांगणारं गाणं लिहिणारा स्वतःच हार मानायच्या बेतात असताना हे घडलं. सिनेमात दाखवलं असतं तर आपण 'काहीही हं' म्हणालो असतो.

यानंतर त्याने केलेली गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. २०२१मध्ये, म्हणजे नाव झाल्यावर, त्याने 'सेजुन' सोडलं आणि 'पाब्लो' घेतलं. पाउलोचंच हे स्पॅनिश रूप. फिलिपिन्सवर तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य होतं, तेव्हा तिकडे पाब्लो हे नाव आपल्याकडच्या पांडुरंगाइतकं घरचं. चाहत्यांनी ज्या नावाने ओळखायला सुरुवात केली, तेच नाव बदलायचं म्हणजे जोखीम. पण त्याच वेळी आलेलं 'व्हॉट?' हे गाणं ऐकलं की बदल पटतो. नाव इंग्रजी दिसतं ना? त्यात तागालोगमधला 'वातावात' हा शब्द दडलाय. वातावात म्हणजे झेंडा. आता इमुसचा इतिहास बघा. स्पॅनिश सैन्याविरुद्धची आलापानची लढाई २८ मे १८९८ रोजी याच इमुसच्या हद्दीत झाली, आणि त्या विजयानंतर फिलिपिन्सचा झेंडा पहिल्यांदा फडकला. आजही २८ मे हा तिकडे ध्वजदिन असतो. पाब्लोच्या डोक्यात हे होतं की नाही, हे त्यालाच माहीत. पण गावच्या पोराने झेंड्यावर गाणं लिहावं, हे जमून आलंय खरं.

शब्दांशी खेळणं हा त्याचा आवडता उद्योग. 'मापा' घ्या. तागालोगमध्ये मापा म्हणजे नकाशा. पण 'मामा'तला 'मा' आणि 'पापा'तला 'पा' जोडला तरी 'मापा'च होतो. लाखो आई-वडील परदेशी राबून घरी पैसे पाठवतात अशा देशात, 'आता तुम्ही दमा, पुढचं मी बघतो' असं सांगणारं हे गाणं. रॅपरकडून आपण तोऱ्याची अपेक्षा करतो आणि हा असा हळूच घशात आवंढा आणतो. २०२३च्या 'जेंतो'त मात्र तोराच तोरा आहे. 'गिंतो' म्हणजे सोनं आणि 'गानितो' म्हणजे 'हे असं', या दोन शब्दांचा खेळ करून तो जणू सांगतो की सोनं असं काढायचं असतं, बघून घ्या. हे गाणं बिलबोर्डच्या वर्ल्ड डिजिटल साँग सेल्स यादीत पोचलं.

तागालोग कळत नाही म्हणून घाबरू नका. 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'मुखा' म्हणजे चेहरा, 'आसा' म्हणजे आशा, आणि 'साबोन' म्हणजे, ओळखलंत ना, साबण. संस्कृत आणि स्पॅनिश शब्द समुद्र ओलांडून तिकडे गेलेत. त्यामुळे ऐकताना मध्येच एखादा शब्द ओळखीचं हसतो.

सोलो पाब्लो हे वेगळंच प्रकरण आहे. 'ला लुना' २०२२मध्ये आलं. पाठोपाठ 'लाओन' हा गाण्यांचा संच, आणि २०२४मध्ये 'आलोन'. इंग्रजीत लिहून बघा, दोन्हींची अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. आलोन म्हणजे लाट. लाओन म्हणजे जुनं, मुरलेलं. जुन्या तांदळालाही तिकडे हाच शब्द वापरतात. सोबतीला धाकटी पाती म्हणजे भाऊ होसुए. दोघं मिळून 'रॅडकिड्झ' या नावाने संगीत तयार करतात, बँडच्या गाण्यांनाही त्यांचा हात लागतो. स्पष्ट सांगायचं तर सोलो गाणी पहिल्या ऐकण्यात पकडत नाहीत. बँडमध्ये चौघांसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे गाणं आटोपशीर राहतं. एकटा असला की पाब्लो मनातल्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये जास्त वेळ रेंगाळतो. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मला ते आवडायला लागलं. तुम्ही दोनदातच कंटाळलात तरी तुमची चूक नाही.

आणि हा माणूस बॉसही आहे. २०२३मध्ये पाचांनी मिळून '१झेड एंटरटेनमेंट' ही स्वतःची कंपनी काढली आणि पाब्लो तिचा सीईओ झाला. त्याच वर्षी बँडच्या नावावर हक्क कुणाचा, यावरून जुन्या कंपनीशी वाद उभा राहिला. विचार करा, ज्या नावाने तुम्ही ओळखले जाता, तेच वापरायची चोरी! वर्षअखेरीस समजुतीने मिटलं आणि एसबी१९ हे एसबी१९च राहिले. तोवर दौऱ्याच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. सकाळी करारांची कागदपत्रं आणि संध्याकाळी रॅप, असं त्याचं आयुष्य असणार बहुतेक. त्यात २०२४ला 'द व्हॉइस किड्स'मध्ये खुर्ची फिरवणारा कोच म्हणूनही तो बसला, शेजारच्या खुर्चीत बँडमधलाच स्टेल.

३१ मे आणि १ जून २०२५ला त्यांच्या 'सिमुला आत वाकास' (सुरुवात आणि शेवट) या जागतिक दौऱ्याचा नारळ फुटला तो फिलिपिन अरीनात. पन्नास हजारांहून जास्त माणसं मावतील एवढी ती बंदिस्त जागा. 'तिलालुहा' फारसं कुणी ऐकत नव्हतं, त्याला तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती.

ऐकायचं असेल तर सुरुवात 'मापा'पासून करा, सबटायटल्स लावून. बेन अँड बेन या फिलिपिनो बँडसोबतचं व्हर्जनही आहे, ते रात्री हेडफोन लावून ऐका. 'जेंतो' जिमसाठी ठेवा. आणि 'ला लुना' एखाद्या रिकाम्या रविवारी, तीनदा.