कोपऱ्यावरचा इराणी

मुंबईत पूर्वी कुणाला भेटायचं तर पत्ता द्यावा लागत नसे. 'कोपऱ्यावरच्या इराण्याकडे ये' म्हटलं की पुरे. आज बहुतेक ठिकाणी कोपरा आहे, इराणी नाही. तिथं बँक आली, नाहीतर मोबाइलचं दुकान.

ही माणसं इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इकडे आली. बहुतेक झरतुष्ट्री, काही शिया मुसलमान. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं जुने लोक सांगतात. दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक मात्र आयतंच आत येई. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडी खुर्च्या, भिंतीवर आरसे, बरण्यांत खारी-नानखटाई. ब्रून-मस्का आणि पानी-कम चहा. शिवाय 'हे करू नका, ते करू नका' सांगणारी पाटी. निस्सीम इझिकेल यांनी तसल्या सूचनांवर इंग्रजीत कविताच केली.

मला मात्र महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. इंग्रजी अमदानीत रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' वेगळं असे. खेड्यापाड्यांत तर दलितांची कपबशी त्यानंतरही वेगळी राहिली. मी पाहिलेल्या इराण्याकडे कप सगळ्यांना एकच. नाव कुणी विचारत नसे.

बी.ए. होऊन मी मुंबईत आलो, छापखान्यात मुद्रितं तपासू लागलो. राहायला डोंगरीत. गिरगावातला एक मित्रही कविता लिहायचा. १९९३च्या जानेवारीतल्या दंगलीनंतर तो माझ्या मोहल्ल्यात येईना, मी त्याच्या चाळीत जाईना. दोघांच्याही घरच्यांचा जीव टांगणीला. मधे होतं धोबीतलाव, तिथं बस्तानी. फेब्रुवारीत आम्ही तिथं भेटलो. दोन चहा घेऊन दोन तास बसलो. कुणी उठवलं नाही.

ही हॉटेलं का गेली? उडप्यांची इडली-डोसा स्वस्त पडू लागली. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, गिरणगावातलं पाळीवरचं गिऱ्हाईक आटलं. काहींनी बिअरचा परवाना घेऊन तग धरला. भागीदारांच्या वाटण्या झाल्या, शिकलेली मुलं पहाटे चारला उठून भट्टी पेटवायला तयार होईनात. आणि जागेला सोन्याचा भाव आला. एका चहावर तासभर बसणारं गिऱ्हाईक त्या जागेला परवडेना.

बस्तानी २००४ साली बंद झालं. समोरचं १९०४ सालचं कयानी टिकून आहे, पण तिथं आता खुर्चीमागं पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. मित्र आणि मी अजून भेटतो. स्टेशनाबाहेर उभ्यानं कटिंग घेतो. चहा वाईट नसतो, पण ग्लास रिकामा झाला की निघावं लागतं. खिशातली कविता खिशातच राहते.